विमलअक्कांचा वासाचा सराव

विमलअक्का कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी तिथल्या बाटल्यांची झाकणं घट्ट करायच्या. लोणच्याची बरणी असो, खोकल्याचं औषध असो, बोलता बोलता हात तिकडे जायचा, झाकणाला एक पीळ बसायचा आणि मग त्या खुर्ची ओढायच्या. गल्लीत सगळ्यांना त्याची सवय होती. मला नव्हती. ठिबक सिंचनाच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी मी साताऱ्याहून जळगावला आले, पिंप्राळ्यात त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात अक्का ओळख करून घ्यायला आल्या. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली. तिथे मी डोकेदुखीसाठी आणलेली गवती चहाच्या तेलाची बाटली ठेवली होती.

"ही इथे मरायला ठेवली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तेल. पांढऱ्या काचेत, एप्रिलच्या उन्हात, वर रबराचा ड्रॉपर. हे रबर तेलानेच विरघळतं, ठाऊक आहे? माणूसले लागस तसा तेलले बी उन्हाया लागस, माय."

अहिराणी मला तेव्हा नवीन होती, पण उन्हाळा माणसासारखा तेलालाही लागतो, एवढं कळलं. ती बाटली पदरात घेऊन अक्का गेल्या आणि संध्याकाळी तेच तेल तपकिरी काचेच्या लहानशा बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, साध्या फिरकीच्या झाकणासह परत आणून दिलं. वर सांगितलं, "आता कपाटात. अंधारात. गॅसपासून लांब. आणि थेट अंगाला लावायचं नाही, खोबरेल तेलात थेंब टाकून लावायचं."

त्यांचं माहेर साक्रीकडच्या डोंगराजवळचं. तिथे पूर्वी रोशा नावाचं सुवासिक गवत उदंड यायचं आणि अक्कांचे वडील दिवाळीच्या सुमारास डोंगरपायथ्याला भट्टी लावायचे. गवत उकळायचं, वाफ थंड करायची, तेल वर तरंगायचं आणि खाली सुवासिक पाणी उरायचं. लहानपणी ते पाणी बहिणी केसांना लावत. पुढे अक्का शिकल्या, परिचारिका झाल्या, सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाल्या. नवरा डाळ मिलमध्ये होता, तो लवकर गेला. मुलगी वैशाली लग्न होऊन धुळ्याला. मग अक्कांनी तांब्याचं एक लहान ऊर्ध्वपातन यंत्र आणवलं आणि गच्चीवर वडिलांचा उद्योग पुन्हा सुरू केला. गुलाब, वाळा, तुळस, गवती चहा, जे मिळेल ते. खाली उरलेल्या पाण्याला त्या 'फुलपाणी' म्हणत. तेल चार थेंबच निघायचं. फुलपाणी मात्र गल्लीभर जायचं.

त्यांच्या घरात दोन फ्रीज होते. मोठा जेवणाखाणाचा, आणि बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली एक छोटा, फक्त बाटल्यांसाठी. त्याला त्या 'वॉर्ड' म्हणायच्या. तेल वापरून निम्मं झालं की उरलेलं लगेच त्याहून लहान बाटलीत. "रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे दुखणं." तेलाला निदान धीर असतो, फुलपाण्याला तोही नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या बाटल्या उकळून, पूर्ण वाळवून घ्यायच्या. मोठी बाटली सारखी उघडायची नाही, वापरायला छोटी वेगळी भरायची. तिच्यात बोट किंवा कापूस बुडवला तर अक्का अशा बघत की जणू समोरच्याने ऑपरेशनच्या टेबलावर चहा ठेवला असावा. मे महिन्यात तासन्‌तास वीज जायची तेव्हा 'वॉर्ड'मधल्या बाटल्या स्टीलच्या डब्यात आणि डबा कोरड्या माठात जायचा, माठाभोवती ओलं गोणपाट. स्वतःला वारा घालायचं सोडून त्या गोणपाटावर पाणी शिंपडत बसायच्या.

मग करोनाच्या साथीचं वर्ष आलं. अक्कांना ताप आला, खोकला आला, दोन्ही गेले. त्या बऱ्या झाल्या म्हणून वैशालीने धुळ्याहून भरीत-पुरी करून आणली. पहिला घास घेऊन अक्का थांबल्या. उठल्या, हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग लसूण ठेचला. मग 'वॉर्ड' उघडून वाळ्याचं तेल. मी आणि वैशाली नुसत्या बघत होतो. अक्कांनी झाकण लावलं, घट्ट पिळलं आणि म्हणाल्या, "काहीच नही."

महिने गेले तरी वास परतला नाही. वैशाली म्हणाली, "आई, आता ते यंत्र कुणाला तरी देऊन टाक. तुझ्यासाठी त्यात काय राहिलं?" नाक गेलं तरी हात आणि डोळे आहेत, असं म्हणून अक्कांनी गुलाबाचं पाणी काढलंच आणि नेहमीसारखं घरोघर दिलं.

ते पाणी बिघडलेलं होतं. बाटली नीट वाळली नव्हती की काय, कोण जाणे. एरवी झाकण उघडताच अक्कांना कळलं असतं. समोरच्या शोभावहिनींनी कापसावर घेऊन ते डोळ्यांवर ठेवलं आणि सकाळी डोळे सुजून लाल. अक्का स्वतः त्यांना रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, औषध घालून होईपर्यंत हात धरून बसल्या. वहिनींना दोन-तीन दिवसांत आराम पडला. पण डॉक्टरांकडे नेलं त्याच दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, अक्का डोक्यावर पदर घेऊन पिशवीसह निघाल्या. मी सोबत गेले. प्रत्येक दारात त्यांचं एकच बोलणं.

"फुलपाणी परत द्या. बिघडलंय."

"असू द्या हो अक्का, आम्हाला काही झालं नाही."

"व्हयी तवपर्यंत थांबू का? द्या. मना हातनी चूक शे."

सगळ्या बाटल्या गोळा करून त्यांनी मोरीत ओतल्या. रिकाम्या बाटल्या उकळत ठेवल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता यंत्र जाणार. त्या वळल्या तेव्हा चेहरा कोरडा होता. "बाहेर कुणाला एक थेंब द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "पहिलं नाक आणायचं."

दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून त्या समजून घेऊन आल्या. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे: गुलाब, लवंग, निलगिरी, लिंबू. घाई करायची नाही. वास येवो न येवो, तो कसा होता ते मनात आणायचं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की खात्री कुणीच देऊ शकत नाही. अक्कांना त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं: तेलं ताजी हवीत. "बिघडलेल्या तेलावर शिकले तर नाक चुकीचं शिकेल," त्या म्हणाल्या. आणि ताजं-बिघडलेलं ओळखायला त्यांच्याजवळ नाकच नव्हतं. म्हणून त्यांनी माझं घेतलं.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. त्या कागदाच्या पट्टीवर एकेक थेंब टाकून माझ्यापुढे धरायच्या. "छान आहे" म्हटलेलं चालायचं नाही. "छान म्हणजे काय? काकडीसारखं? पेंटसारखं? ओल्या फडक्यासारखं? नीट सांग, माय. आता तूच मनं नाक शे." हळूहळू मी शिकले. लिंबाचं तेल आधी गोड, मग सालीसारखं चरचरीत आणि म्हातारं झालं की रंगाच्या डब्यासारखं. लिंबू सगळ्यांत नाजूक, म्हणून ते 'वॉर्ड'मध्ये सर्वांत आत असायचं. मी जरा कुरकुरले की ती बाटली बाद. नवी आणायला मलाच पाठवायच्या.

दीड-दोन वर्षं अशी गेली. माझं लग्न ठरलं, झालं, सासर जळगावातच असल्याने रविवार चुकला नाही. वैशाली आईला धुळ्याला न्यायला आली की अक्का बाटल्यांचा डबा घेऊन जायच्या आणि बसमध्ये तो मांडीवर, ओल्या टॉवेलात गुंडाळून धरायच्या. शेजारचा माणूस विचारायचा, "अक्का, काय शे यामां?" त्या सांगायच्या, "मना सराव शे."

कधी मीच थकायचे. एकदा म्हणालेही, "अक्का, नसेलच यायचा तर?"

"नही येस तर नही येस," त्या पट्टी सरसावत म्हणाल्या. "मनाकडनं सुटाले नको. चल, लवंग."

गेल्या फेब्रुवारीत लिंबाची बाटली संपत आली होती. मला कामाच्या गडबडीत जमेना, तेव्हा अक्का स्वतः बाजारातल्या एका दुकानातून नवी घेऊन आल्या. रविवारी मी पोचले तर त्या वाट बघत होत्या. त्यांनी सील तोडलं, पट्टीवर थेंब टाकला आणि सवयीने आधी स्वतःच्या नाकाशी नेला. मी हात पुढे केला.

त्यांनी पट्टी दिली नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. पुन्हा नाकाशी नेली. डोळे मिटले. कपाळावर आठी आली, नाकपुड्या फुलल्या. "सांगू नको. काही सांगू नको."

अक्कांनी डोळे उघडले.

"हाई बिघडेल शे," त्या म्हणाल्या.

मी पट्टी घेतली. रंगाच्या डब्याचा वास. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी मान हलवायच्या आतच ओळखलं. मला वाटलं, त्या रडतील, मला मिठी मारतील. त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"दुकानात. असं तेल विकतो तो."

दुकान उघडं होतं. काचेच्या कपाटात सगळ्या बाटल्या रांगेने मांडलेल्या आणि त्यांच्यावर सकाळपासूनचं ऊन. अक्कांनी बाटली काउंटरवर ठेवली. "हे परत घ्या भाऊ. आणि त्या सगळ्या आत सावलीत ठेवा. बिघडलंय हे."

दुकानदाराने हसून बाटली फिरवून बघितली. "अक्का, तेल कुठं बिघडतं? तारीख तर पुढची आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकले, पण आवाज त्यांना आवरला नाही.

"मला वास आला, भाऊ," त्या म्हणाल्या. "माले वास उना."