नाकाच्या टोकावरचं बंदर

मी पदवीधर झालो आणि आज नागपुरात, सदरमधल्या एका शाळेत भूगोल शिकवतो, ते डोमाजी गुरुजींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. ‘‘याले ढोरामागं धाडू नका,’’ असं गुरुजींनी आमच्या ओट्यावर बसून वडिलांना सांगितलं आणि वडील हो म्हणेपर्यंत ते उठले नाहीत.

गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. तरी उमरेडच्या शाळेच्या अंगणात ते दरवर्षी कोकणातलं एक जुनं भूशिर बांधत. धोतर खोचून काळी माती तुडवायची, पाण्यात घुसलेलं लांब नाक काढायचं, भोवती घागरी ओतायच्या आणि पळसाच्या द्रोणांत कापूस भरून जहाजं सोडायची. ‘‘पाहा गा पोट्टेहो, आपला कापूस अरबस्तानाले जाऊन राहिला!’’ बंदर ते नेमकं नाकाच्या टोकावर मांडत. ‘‘जहाजाले जवळ नाही पडलं पाहिजे काय?’’ आम्हाला ते पटे. आमच्या पाण्याला लाटा नव्हत्या.

नोकरी लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांना तेच भूशिर दाखवायला नेलं. उपकार फेडण्याची माझी कल्पना तेवढीच होती. गुरुजींनी नवी टोपी घातली होती आणि पिशवीत घरच्या कापसाचं बोंड घेतलं होतं. ‘‘समुद्राले पहिल्यांदा भेटाचं तर रिकाम्या हातानं कसं जावं?’’

टोकावर पोचलो. लाटा खडकांवर आपटून अंगावर उडत होत्या. गुरुजींनी जाळं विणत बसलेल्या एका खलाशाला बंदर कुठे, असं विचारलं.

तो हसला. ‘‘इथे गलबत आणलंत तर फळ्या वेचाल, आजोबा! बंदर मागे, खाडीत. हा डोंगर वारा अडवतो, म्हणून तर पूर्वी व्यापारी तिथे नांगर टाकायचे.’’

गुरुजींनी मागे खाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

‘‘तुले माहीत होतं?’’

कॉलेजात दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. मी होकारार्थी मान हलवली.

‘‘मंग सांगतलं काहून नाही?’’

‘‘तुम्हाले कसं सांगू, गुरुजी?’’

‘‘इतके वर्षं पोट्ट्यायचे जहाज खडकावर नेऊन फोडले गा मी. अन् तू काठावर उभा राहून पाहत राहिला.’’

बोंड पिशवीतच राहिलं. परतीच्या गाडीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांच्या समोर बसून दोन घास खातानाही मला लाज वाटत होती.

त्या वर्षी त्यांनी भूशिर बांधलं नाही. भिंतीवरचा नकाशा पुरे, असं म्हणाले म्हणे. हे कळल्यावर मी त्यांना लिहिलं :

‘‘ती. गुरुजींस सा. नमस्कार.

मी गप्प बसलो, तो आदर नव्हता. चूक कळली तर तुम्ही ती सुधाराल, एवढाही भरवसा मी तुमच्यावर ठेवला नाही. ज्यांनी मला शिकवलं, त्यांनाच शिकता येणार नाही असं धरून चाललो.

इथे शाळेच्या अंगणात मुलांनी माती आणली आहे. नाक मला जमत नाही, सारखं ढासळतं. बंदर अजून कुठेच मांडलेलं नाही. घागरी भरून ठेवल्या आहेत. शनिवारी सकाळच्या शाळेला या. मी मुलांमध्ये खाली बसेन.

येताना ते बोंड आणा.’’