तो भोवरा मी पुसणार नाही

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

मी सोलापुरात पीएचडी करते. मी अभ्यासते त्या स्फटिकाच्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या फोटोत विजेची दिशा दाखवणारे इवले बाण सरळ रांगेत न राहता भोवऱ्यासारखे गोल फिरतात. सकाळी गाईडसर सगळ्यांसमोर म्हणाले, "फोटोतला दोष आहे तो. पुसून टाक." मी तीनदा तपासलं होतं तरी!

घरी येऊन आबांना फोटो दाखवला. ते जन्मभर मेंढरं राखत आलेत.

"उनात मेंढरं अशीच गोल हुबी ऱ्हात्यात की," ते म्हणाले. "हिचं डोकं तिच्या सावलीत, तिचं पुढचीच्या. त्यात दोष कसला?"

तुम्ही पुसला असता का हो?

मी नाही पुसणार. सरांना पुसायचाच असेल तर स्वतःच्या हातानं पुसावा आणि खाली सही करावी.