काळ्या दगडावरच्या रेघा

भिमाजी मूळचा माण तालुक्यातला. पिंपरीला पहिल्यावहिल्या कारखान्याचे पाये खणायला जी टोळी आली, तिच्याबरोबर तो आणि त्याची बायको कौशल्याबाई आले. पायाचं काम संपलं, टोळी पांगली, पण ही दोघं इथंच राहिली. पहार, घण आणि सुरुंग ही भिमाजीची विद्या होती. आसपासच्या गावांत कुणाची विहीर खोल करायची झाली की त्याला बोलावणं यायचं.

बोलायला तो फार नव्हता. दगडाविषयी मात्र बोलायचा. पाऊस फिरतो, नदी पात्र बदलते, सख्खा भाऊ तोंड फिरवतो. काळा पाषाण तेवढा जागचा हलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. गावाकडं डोळ्यांदेखत सगळंच आटलेलं त्यानं पाहिलं होतं. मागं उरला होता तो दगडच.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पुनावळ्याच्या उद्धवरावांनी त्याला विहिरीवर लावलं. विहीर जुनी आणि खोल होती, पण होळीनंतर तिला टिपूस राहत नसे. भिमाजी आणि दोन गडी तळाला राबत, आणि कौशल्याबाई वर यारीपाशी, म्हणजे राडारोडा वर ओढायच्या रहाटापाशी, उभी राहून राडारोड्याच्या पाट्या ओतून घेई. पाषाण असा चिवट की छिन्नीची धार दुपारपर्यंत टिकत नव्हती.

एके सकाळी सुरुंग उडाला. धूर निवल्यावर भिमाजी खाली उतरला आणि दोराला धरून तसाच उभा राहिला. एका अंगाची मोठी शिळा सुटून पडली होती. तिच्यामागं उघडी पडलेली भिंत चकाकत होती. सुरुंगानं फुटलेला दगड ओबडधोबड असतो, कडा सुरीसारख्या असतात. ही भिंत पाट्यावर वाटून वाटून गुळगुळीत करावी तशी होती, आणि तिच्यावर वरून खाली, जराशा तिरप्या, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा होत्या. भिमाजीनं तळवा ठेवला. खालच्या बाजूला फिरवला तर तेल लावल्यासारखा घसरला. वर नेला तर खरखरला.

कुणी घासली म्हणावं, तर घासणारा आत शिरला कुठून? चहूबाजूंनी अखंड पाषाण होता.

गडी वर निघाले ते पुन्हा उतरेनात. दुपारपर्यंत निम्मं गाव काठावर जमलं. उद्धवरावांच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, नारळ सोडायला सांगितला. देवीचं ठाणं आहे, हात लावू नका, असं कुणी म्हणालं. कुणी सांगितलं, खाली राक्षसाचं दार आहे. उद्धवराव कोड्यात पडले. विहीर अर्धवट सोडावी तर बागायत गेली, आणि खणावी तर माणूस मिळेना. शेवटी ते चिंचवडला गेले. तिथले लक्ष्मणराव पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत, रोज रेल्वेनं जात-येत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. लक्ष्मणराव सायकल मारत आले, धोतराचा काचा मारला आणि भिमाजीच्या पाठोपाठ दोरानं खाली उतरले.

बराच वेळ ते भिंतीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी भिमाजीला शेजारची बाजू दाखवली. तिथं पाषाणाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा आडवा गेला होता. भिमाजीनं तो आधी पाहिला होता, पण त्यात बघण्यासारखं काय, असं त्याला वाटलं होतं. लक्ष्मणरावांनी पट्ट्यावर बोट ठेवलं आणि ते बोट सरळ नेत नेत चकाकत्या भिंतीपाशी आणलं. पट्टा तिथं तुटला होता. भिंतीच्या पलीकडं तो पुन्हा सुरू होत होता, पण अलीकडं तो माणसाच्या गुडघ्याइतका उंच होता आणि पलीकडं खांद्याइतका.

"पट्टा एकच आहे," ते म्हणाले. "ही अलीकडची बाजू खाली सरकली. सरकताना दगडावर दगड घासला, त्या या रेघा."

भिमाजीला ते पटेना. पाषाण सरकत नाही, असं तो हळूच म्हणाला.

लक्ष्मणरावांनी त्याला विचारलं, मोठा धोंडा पहारेनं रेटताना काय होतं?

"आधी हलतच न्हाई," भिमाजी म्हणाला. "लई येळ रेटावं लागतं. मग येकदम सुटतो, अन् हाताला हिसका बसतो."

"तोच हिसका म्हणजे भूकंप. धोंड्याच्या जागी डोंगर धरा, आणि रेटा हजारो वर्षांचा."

मग ते तिथंच, फुटक्या शिळेवर बसून सांगत राहिले. हा सगळा पाषाण कधीकाळी तापल्या रसासारखा भुईच्या भेगांतून वर आला, पसरला, थिजला; एका थरावर दुसरा चढला. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा दगड कुजून त्याची माती झाली, तोच हा लाल पट्टा. पुढं कधीतरी भुईवर ताण आला. दगड आतल्या आत सोसत राहिला, आणि सोसवेना तेव्हा इथून तडकून घसरला. एकदाच घसरला की थोडा थोडा करून अनेकदा, ते काही त्यांना सांगता येत नव्हतं. गेल्या वर्षी कच्छात अंजारला घरं पडली, माणसं दगावली, तेही भुईच्या पोटात असंच काही सरकल्यामुळं.

भिमाजीनं विचारलं, हे कधी झालं. माणूसच नव्हता तेव्हा, असं उत्तर आलं. एवढी उलथापालथ झाली आणि बघायला कुणी नव्हतं, हे त्याच्या मनात मावेना. मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला.

"पुन्यांदा सरकंल का?"

"इथं बहुतेक नाही. ही जखम फार जुनी आहे. पण छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

निघताना त्यांनी उद्धवरावांना सांगितलं की अशा तडकलेल्या पट्ट्यात दगडाचा चुरा झालेला असतो, त्यातून पाणी झिरपत असतं. भिंतीच्या पायथ्याशी खणून पाहा, मिळालं तर मिळालं.

गडी आता उतरायला तयार झाले. भिमाजीनं मात्र सुरुंग भरायला नकार दिला. उद्धवराव चिडले, पावसाळा तोंडावर आलाय म्हणाले. भिमाजी पहार घेऊन खाली बसला आणि भिंतीला धक्का न लावता पायथ्याचा भुगा हातानं उकरू लागला. काम चौपट लांबलं. उद्धवराव रोज काठावर येऊन बघत आणि परत जात. मग एका दुपारी पहार निघाली ती ओली निघाली. आधी गढूळ, मग स्वच्छ, बोटाएवढी धार लागली.

पाणी घोट्यापर्यंत चढलं तेव्हा कौशल्याबाईनं यारी सोडली आणि पदर खोचून ती खाली उतरली. इतक्या वर्षांत ती कधी विहिरीच्या तळाला गेली नव्हती. तिनं रेघांवरून हात फिरवला, लाल पट्टा अलीकडं पाहिला, पलीकडं पाहिला.

"आपुन ह्या भुईवर चुली मांडतो," ती म्हणाली, "अन् ही आतून अशी हाय."

संध्याकाळपर्यंत रेघांचं खालचं टोक बुडालं. दोन दिवसांत सगळी भिंत पाण्याखाली गेली. रुक्मिणीबाईंनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, आणि भिमाजीनंही हात जोडले. कशाला जोडले, ते त्याला सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी तो चाकणच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होता. टेकडीची कड कापायचं काम चाललं होतं. एकदा मुकादम फेरीवर आला, तर भिमाजीची पहार जमिनीवर पडलेली, आणि तो उघड्या कड्याकडं तोंड करून एका लाल पट्ट्यामागं पावलापावलानं चाललेला. काय हरवलं, असं मुकादमानं विचारलं. काही नाही, हा कुठवर अखंड जातो ते बघतोय, असं भिमाजीनं सांगितलं. मुकादमानं कपाळाला हात लावला. कौशल्याबाई डोक्यावरची पाटी उतरवून त्याच पट्ट्याच्या कडेनं नवऱ्याच्या पुढं गेली, आणि कड्याच्या वळणापाशी थांबून तिनं त्याला पुढं यायला हात केला.