कुजबुजरावांचा अर्ज

पडदा उघडतो तेव्हा समोर एक लांबट खोली. डावीकडे फायलींच्या भाराने वाकलेलं कपाट, मधोमध टेबल, पलीकडे वकीलबाई आणि अलीकडे दोन खुर्च्या. एकीवर आमचे कुजबुजराव, दुसरीवर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. खाली झेरॉक्सचं दुकान, त्याच्या यंत्राची घरघर जमिनीतून तळपायांना लागते. मी दाराशी स्टुलावर. सोबत म्हणून आलेलो, त्यामुळे मला संवाद नाही.

कुजबुजराव आमच्या नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी आमच्या तोंडात शब्द घातले. खरं नाव सगळे विसरले, हेच उरलं. ओठ न हलवता बोलायचे. नटाला ऐकू जाई, पहिल्या रांगेला नाही. टाळ्या आम्ही घेतल्या. मी तर पोतंभर घेतल्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्या होत्या, हे आज लिहून टाकतो. त्यांचा एक नेम मात्र कडक. प्रयोगानंतर कुणी विचारलं, "आज कोण अडलं हो?" की उत्तर ठरलेलं: "कोणी नाही. मी तोंडच उघडलं नाही." नटाची अब्रू प्रॉम्प्टरच्या पोटात असते, असं ते म्हणत.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात. तिला तिथलं नागरिकत्व मिळालं आणि तिने आईबापांना कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज केला. गुडघ्यांनी दगा दिलेल्या वहिनी आणि पंच्याहत्तरी ओलांडलेले कुजबुजराव. उरलेले दिवस दोघांनी लेकीजवळ काढायचे, एवढंच मागणं. अडचण जन्मदाखल्याची. लेक जन्मली दौऱ्यावर, थिएटरच्या कपडेपटाच्या खोलीत. नोंद झाली चार वर्षांनी, तिला शाळेत घालताना.

"उशिराची नोंद तिकडच्या अधिकाऱ्यांना खुपते," वकीलबाई म्हणाल्या. "मुलगी खरंच तुमची का, हे खोदून खोदून विचारतील."

"मग कुणाची असणार?" वहिनी म्हणाल्या. "नाक बघा म्हणावं. ह्यांचंच आहे. त्या नाकापायी लग्न लवकर जमेना पोरीचं."

"नाक फायलीला लावता येत नाही, आजी."

मग तीन आठवडे तालीम चालली. लेकीची जन्मवेळ, शाळा, जावयाची नोकरी, सगळं. वकीलबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या. एकाला विचारलं की दुसऱ्याने गप्प बसायचं. आणि खोटं एक अक्षर बोलायचं नाही.

"चुकलात तर सांभाळून घेता येतं, आजोबा. खोटं नाही सांभाळता येत."

"गप्प बसण्यातच हयात गेली, बाई," कुजबुजराव म्हणाले.

परदेशी वकिलातीतल्या मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. आत काय झालं ते वहिनींनी सांगितलं. जाड काचेची खिडकी, पलीकडे अधिकारी आणि दुभाषीबाई. बोलायला अलीकडे एक छोटा माइक, ऐकायला दोन्हीकडे एकेक कर्णा. पहिली दहा उत्तरं बिनचूक गेली. मग वहिनींना विचारलं, "मुलगी झाली तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

वहिनी थांबल्या. अडल्या नव्हत्या. त्यांची आई त्या रात्री पडद्यांच्या ढिगावर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होती. ती आई डोळ्यांपुढे आली. नाटकात नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे कुजबुजरावांना त्याच्या पाठीवरून कळे. मी एकदा एका प्रयोगात बापाच्या प्रेतापाशी मनात वीस मोजेपर्यंत थांबलो होतो, विंगेतून श्वासही आला नाही. पण त्या खिडकीपाशी लेक पणाला लागली होती, आणि भीतीने माणूस बहिरा होतो.

"तुझी आई आणि सुईण," ते पुटपुटले. ओठ हलले नाहीत. माइकने मात्र ते उचललं आणि काचेपलीकडच्या कर्ण्यातून लख्ख ऐकवलं.

अधिकाऱ्याने दुभाषीबाईंकडून विचारलं, "तुम्ही आत्ता यांना उत्तर सांगितलंत?"

"मी तोंडच उघडलं नाही," कुजबुजराव म्हणाले.

तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर, मान ताठ ठेवून.

महिन्याभराने पत्र आलं. अर्ज दोघांचाही नामंजूर. शिवाय अधिकाऱ्यासमोर खोटं बोलल्याबद्दल कुजबुजरावांना पाच वर्षं बंदी. पुढे वकीलबाईंनी रक्ताची चाचणी करवली. लेक दोघांचीच ठरली. बाप खरा निघाला, फक्त खोटारडा. बंदी हलली नाही. वहिनींनी एकटीने पुन्हा अर्ज करावा, तो मंजूर होईल, असं वकीलबाई म्हणाल्या.

त्या दिवशी जिन्यात वहिनींनी त्यांना धारेवर धरलं. "माझं बाळंतपण मी विसरेन असं वाटलं तुम्हाला?"

"घाबरलो गं."

"आणि वर नाही कशाला म्हणालात?"

"तुझी अब्रू..."

"चुलीत गेली माझी अब्रू. मला नवरा हवा होता बरोबर."

मी तिथेच होतो, एक पायरी खाली. ही सवय त्यांना लावली कोणी? आम्हीच. चाळीस वर्षांत आमच्यातल्या एकानेही हार गळ्यात घेऊन म्हटलं नाही की आज मी अडलो होतो, या माणसाने वाचवलं. ते खोटं बोलत राहिले आणि आम्ही भूमिका गाजवत राहिलो. त्याची शिक्षा त्या म्हाताऱ्याला झाली. आम्हाला कोणी साधं पत्रही पाठवलं नाही.

वहिनी जायला तयार नव्हत्या. कुजबुजरावांनीच ढकललं. "गुडघ्यांचं ऑपरेशन तिकडे नीट होईल. जा." त्या गेल्या. गुडघे बरे झाले, जिने चढतात म्हणे आता. बापाची बंदी उठावी म्हणून लेक तिकडून अर्जावर अर्ज भरते आहे.

परवा मी कुजबुजरावांच्या खोलीवर गेलो. एका भांड्यात सकाळचा भात होता, तोच संध्याकाळी खायचा बेत. खाटेवर वहिनींच्या बाजूला वर्तमानपत्रांची चळत. मी म्हटलं, "कुजबुजराव, माझी मागची खोली रिकामी आहे. सून काही बोलायची नाही. उद्याच सामान हलवू."

त्यांनी भातावर झाकण ठेवलं. मग माझ्या जवळ सरकून म्हणाले, "येतो. पण लेकीला कळू देऊ नका. माझी सोय लागली असं वाटलं, तर ती अर्ज भरायचं सोडून देईल."