वेणूबाईच्या आवाजाला दहापैकी तीन

कुंदन म्हात्रेला गावात दोन नावं होती. घरचे आणि शेजारचे त्याला कुंदन म्हणत, आणि ज्यांच्या हातातला मोबाइल जेवतानाही सुटत नाही ते 'पंचनामा' म्हणत. गाव खारघर आणि तळोज्याच्या मधलं. भाताची खाचरं कधीच गेली, घरांवर मजले चढले, खाली भाडेकरू आले, भोवती टॉवर उभे राहिले. गावाने बरंच काही सोडलं, पण शेजारच्या घरात काय शिजतंय हे बघायची सवय काही सोडली नाही. त्यामुळे कुंदन वरच्या खोलीत जांभळे दिवे लावून एकटाच कोणाशी बोलतो, हे गावाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तो बोलायचा व्हिडिओ गेमबद्दल. दिवसा महाप्याच्या एका कंपनीत लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नव्या गेमचा पंचनामा करायचा, हा त्याचा शिरस्ता. 'पंचनामा' ह्या त्याच्या चॅनेलला चाळीस हजारांवर माणसं जोडलेली. मतं खणखणीत, आणि खोटं कशाला बोला, बरीचशी बरोबरही. मोठ्या परदेशी कंपन्या गेम अर्धाकच्चा बाजारात आणतात आणि मग सहा महिने दुरुस्त्या पाठवत बसतात, हे तो पोटतिडकीने सांगे. नकाशा अख्ख्या रायगड जिल्ह्याएवढा आणि त्यात करायचं काय, तर शंभर झेंडे गोळा करा, अशा गेमची तो सालटी काढी. जुन्याच गेमला नवं रूप देऊन दुप्पट भावाने विकणाऱ्यांना तो 'शिळ्या कढीला ऊत' म्हणे, आणि लोकांना ते फार आवडे. लोकांना शिव्या आवडतात हे त्याने लवकर ओळखलं होतं. चांगल्या म्हटलेल्या गेमचा व्हिडिओ हजारभर लोक बघत, आणि धुतलेल्या गेमचा दहा हजार.

एक गोष्ट मात्र तो कधी सांगत नसे. यातले निम्मे गेम त्याने पुरते खेळलेले नसत. गेम आला त्याच दिवशी ज्याचा व्हिडिओ येतो तोच बघितला जातो. शिवाय ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की दोन तासांच्या आत गेम परत केला तर पैसे परत. तेव्हा कुंदन पावणेदोन तास खेळायचा, परत करायचा, आणि न्यायनिवाडा करायला बसायचा. शितावरून भाताची परीक्षा, असं तो स्वतःला समजावी. परीक्षा तशी होते हे खरंच, पण भात चुलीवर चढून थोडा वेळ झालेला असावा लागतो.

तर गेल्या थंडीत एक छोटासा गेम आला, 'शेवटचं आगर'. महाप्याच्याच तीन मुलींनी मिळून केलेला. गेम मिठागरांचा. बुडून गेलेल्या एका गावात एक बाई परत येते, बांधांवरून चालते, भरतीचं पाणी एकेका कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, सोडते. एक कोंडी भरली की गावातलं एक घर उजळतं. मारामारी नाही, बंदूक नाही, गाडी नाही. मागे कुठेतरी एक म्हातारी गात असते, खरखरीत, तुटक, लांबून आल्यासारखी.

कुंदन जांभया देत एक तास बावन्न मिनिटं खेळला. मग कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला, "भावांनो, हा गेम आहे की पाणीपुरवठा खात्याची नोकरी? नुसतं पाणी सोडा! आणि ही म्हातारी ऐका जरा." त्याने आवाजाचा तुकडा लावला, कान झाकून घेतले. "गातेय की मिक्सरमध्ये खोबरं अडकलंय? कुठून पकडून आणली हिला? दहापैकी तीन, आणि ते तीनसुद्धा पाण्याला."

त्या मिक्सरच्या वाक्यावर लोक लोटपोट झाले. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून पसरवला आणि 'मिक्सरवाली आजी' आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर वाटण वाटत राहिली. दोन लाख लोकांनी ते बघितलं. कुंदनने ऑफिसात समोसे आणले.

त्याच दिवसांत त्याच्या धाकट्या बहिणीच्या, नमिताच्या, लग्नाची गडबड घरात सुरू होती. आई, गोजराबाई, नारळ आणि पानसुपारी घेऊन वेणूबाईला बोलावणं देऊन आली होती. वेणूबाई म्हणजे गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना मांडवात बोलावणारे धवले तिने म्हणायचे, मग पुढचं सगळं. भटजी नंतर येतो, बँजो आणि डीजे त्याहून नंतर. कुंदनच्या आईचं लग्न वेणूबाईने लावलं होतं, आणि आईच्या सगळ्या नणंदांचंही. कुंदनने तिला लहानपणापासून डझनभर मांडवांत ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे काय, ती गात असताना तो कानात इअरफोन घालून कोपऱ्यात मोबाइलवर खेळत बसलेला असे.

बोलावणं दिल्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, वेणूबाई आपणहून घरी आली. सत्तरीची बाई, नऊवारी नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. चेहरा आनंदाने फुललेला.

"कुंदन हाय का घरान? अरं पोरा, तुज्या मोबाइलवर माजा आवाज आलाय म्हनं! सगली बोलतान. मना पन दाखव की."

"कसला आवाज, वेणूबाय?" कुंदनने विचारलं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"त्या महाप्याच्या पोरी आलत्या ना, मनस्वी नावाची एक होती. मिठागरांचा खेल करतान म्हनाल्या. माजा बापूस आगरावरच राबला, त मी बोल्ले घ्या आवाज. सकालभर गायले. त्यांनी भरून नेला मशीनमधी."

जी म्हातारी 'कुठून पकडून आणली' ती चार घरं सोडून पलीकडे राहत होती. इतक्या वर्षांत इतक्या मांडवांत ऐकलेला आवाज आपल्याला ओळखू आला नाही, ह्याची त्याला आधी लाज वाटली. आपण काय केलं ह्याची लाज त्यामागून आली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

"नेट नाय आज," तो म्हणाला.

"आत्ता त कोनाशी बोलत व्हतास त्यावर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "लाव ना रं, एवढी म्हातारी बाय आलीय."

आईलाही काही माहीत नव्हतं. वेणूबाई पदर सावरून खुर्चीत बसली, फोटो काढून घ्यायला बसावं तशी. दुसरं काहीतरी लावावं, मध्येच बंद करावं, मोबाइल पाडावा, असे दहा विचार कुंदनच्या मनात आले, आणि दहाही त्याला जमले नाहीत. त्याने व्हिडिओ लावला.

तिने सगळं ऐकलं. आपला आवाज आला तेव्हा तिने हसून आईकडे पाहिलं. मग पुढची वाक्यं आली. हसू लगेच गेलं नाही, ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि हेच कुंदनला बघवेना.

व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, "मिक्सर मंजे आपला वाटनाचा तोच ना?"

आई दारात येऊन उभी होती, हातातलं पीठ तसंच.

"खरा हाय," वेणूबाई शांतपणे म्हणाली. "गला गेला माजा. मना मनात वाटायचा, पन तोंडावर कोन बोलनार? सगली मान ठेवतान. तू त्यातला जानकार मानूस, तू बोल्लास त्ये बरा झाला. नायतर मी अशीच फाटक्या गल्याने देवाला बोलवीत राह्यले असते."

ती चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर कुंदनने पाय धरले असते आणि मोकळा झाला असता. पण तिने त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. संध्याकाळी तिने आईने दिलेला नारळ आणि सुपारी परत पाठवली. निरोप एवढाच, की धवल्यांना दुसरी बाई बघा. दुसरी बाई कुठून बघणार? पंचक्रोशीत उरलेली ती एकच. आई कुंदनशी तीन दिवस बोलली नाही. नमिता बोलली, पण एकच वाक्य. "दादा, माझंच लग्न सापडलं का रे तुला?"

कुंदनने गेम पुन्हा विकत घेतला. दोन संध्याकाळी बसून सात तास खेळला, अगदी शेवटची कोंडी भरेपर्यंत. आणि मग त्याला कळलं. जसजशी घरं उजळत जातात तसतसा म्हातारीचा आवाज जवळ येतो, त्यातली खरखर एकेक थर उतरत जाते, आणि शेवटी अख्खं गाव उजळतं तेव्हा तो आवाज असा मोकळा, भरदार सुटतो की कुंदन खुर्चीत बसल्या बसल्या रडला. हाच तो मांडवातला आवाज, मुलांच्या गोंगाटावरून आणि भांड्यांच्या खणखणाटावरून सरळ देवापर्यंत जाणारा. आता ओळखला, तर काय उपयोग!

त्याने मनस्वीचा नंबर शोधून फोन केला. माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "सुरुवातीचा आवाज आम्ही मुद्दाम खराब केलाय. मूळ आवाज शेवटी आहे, त्याला हातसुद्धा लावलेला नाही. तुम्ही दुकानाच्या पानावर लेखी मतही दिलंय ना? त्याखाली वेळ दिसतो. एक तास बावन्न मिनिटं. आम्हाला तीन वर्षं लागली."

कुंदनने नवा व्हिडिओ केला. दिवे न लावता, विनोद न करता सांगितलं, की मी गेम पुरता न खेळताच निकाल दिला, आणि हे मी आधीही केलंय. जुना व्हिडिओ काढून टाकला. नवा नऊशे लोकांनी बघितला. खाली पहिलाच शेरा होता, 'किती पैसे मिळाले भाई?' मिक्सरचा तुकडा तर दुसऱ्यांच्या मोबाइलांत फिरतच राहिला. तो काढून टाकणं आता कुंदनच्या हातात नव्हतं.

मग तो वेणूबाईकडे गेला. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. त्याने तिला नवा व्हिडिओ दाखवला, मग गेमचा शेवट ऐकवला. ती लक्ष देऊन ऐकत राहिली.

"गोड केलाय," ती म्हणाली. "मशीनवर करतान ना आता सगला?"

"नाय वेणूबाय, मशीनवर खराब केलाय तो पयला! हा तुझा खरा हाय. त्या मनस्वीने सांगितलं मला."

"तू चांगला पोऱ्या हायस," ती म्हणाली. "आईने पाठवला ना तुला? बहिनीचा लगीन हाय, मी समजते. पन पयल्या वेली तुला ठावूक नवता आवाज कोनाचा त्यो. तवा बोल्लास त्ये मनातला. आता माजा तोंड बघून बोलतंस."

घाईत, जांभया देत बोललेलं तिला खरं वाटत होतं, आणि सात तास बसून, रडून आणलेलं खोटं. तसाच उठून तो घरी आला.

मांडवाच्या दिवशी ती पाहुणी म्हणून आली, आणि बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली. हळदीची वेळ झाली. पाट मांडले, तांदूळ मांडले, नमिता पाटावर येऊन बसली. देवांना बोलवायचं होतं आणि बोलवणारं कोणी नव्हतं. डीजेवाला पोरगा विचारून गेला, लावू का? सगळ्या बायका मागे वळून वेणूबाईकडे बघू लागल्या.

"माज्याकडं नका बघू," ती म्हणाली. "कुंदनला इचारा. त्याला समजतं त्यातला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कुंदन खुर्च्या लावत होता. साऱ्या मांडवाने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यात ज्यांनी तो तुकडा बघितला होता त्यांच्या तोंडावर हसू आलं. तो बायकांतून वाट काढत पुढे गेला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वेणूबाय, मना काय समजत नाय. मी तो खेळ खेळलोच नव्हतो. चार आण्याचा बघितला आणि रुपयाचा बोललो. तुझा आवाज मी जल्मात नीट ऐकलाच नाय. ह्या मांडवांत बसून नाय ऐकला."

"न ऐकता बोल्लास?" तिने विचारलं.

"हो."

"का रं?"

'लोक हसतात म्हणून' हे खरं उत्तर होतं. ते त्याच्या तोंडून निघेना. तिने नमिताकडे पाहिलं, पोरगी हळदीच्या पाटावर डोळे पुसत होती. वेणूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पुढे येऊन पाटाशेजारी बसली आणि तिने गळा साफ केला.

ती गायली. ग्रामदेवतेला बोलावलं, कुलदेवीला बोलावलं, घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावलं. आवाज चांगला होता, कोणीही चांगलाच म्हणाला असता. आई हात जोडून बसली होती.

पण पन्नास वर्षं जी बाई डोळे मिटून, कोणाची पर्वा न करता गायली, ती आज डोळे उघडे ठेवून गात होती. एक धवला संपला की थांबायची आणि बायकांच्या डोक्यांवरून कुंदनकडे बघायची. बरा झाला का, असं विचारल्यासारखं. कुंदनने घाईघाईने मान हलवली. ती पुढचा धवला घ्यायची, संपवायची, आणि पुन्हा बघायची.

त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण तो हलला असता तर ती थांबली असती. म्हणून हळद लागेपर्यंत तो खांबाला धरून उभा राहिला, आणि प्रत्येक धवल्यानंतर मान हलवत राहिला.