पिंपातला शुक्रवार

सावेडीतून निघाले तेव्हा चहासुद्धा धड घेतला नव्हता. पुणतांब्याला धाकट्या बहिणीकडे, सुलभाकडे जायचं होतं. तिच्या सुनेला, कावेरीला, सातवा महिना आणि आदल्या रात्रीपासून ताप. श्रीरामपूर येईपर्यंत एसटीत चार वेळा तरी घड्याळ पाहिलं असेल. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं.

पुढे रिक्षात शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघाल्या?"

"पुणतांब्याला."

"जपून ऱ्हावा बाई. डेंगूचा ताप लई हाय तिकडं."

आता हे मलाच सांगायचं अडलं होतं का? गाव आलं, गोदावरी दिसली. पाणी कमी, खडकच जास्त.

सुलभानं भाकरी-आमटी वाढली. कावेरी नुकतीच तपासणीला रक्त देऊन आली होती. मलाच धीर देत म्हणाली, "पिंप दर रविवारी घासते मावशी. तुमीच फोनवर सांगितलं हुतं."

सांगितलं होतं खरं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. डास व्हायला आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, हे मी झोपेतही म्हणेन.

मागच्या पत्र्याखालचं पिंप उघडलं. नळाला आठ दिवसांनी पाणी, त्यामुळे पिंपातलं तळाला गेलेलं आणि चांगलंच कोमट. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्याच, पण स्वल्पविरामासारखे वाकडे कोषही होते. कोषातून दीड-दोन दिवसांत डास उडतो, आणि आज कुठे शुक्रवार! पाणी तापलं तशी अळ्यांनी वाढायची घाई केली होती. माझा रविवार उजाडायच्या आतच ते डास घरात शिरणार होते. असा संताप आला स्वतःचा!

"ओतून दे सगळं!" मी ओरडले.

"वा गं!" सुलभा म्हणाली. "नळ रविवारी येणार. तोवर पोरीनं काय प्यायचं?"

शेवटी जुन्या लुगड्याची चौघडी करून पाणी गाळलं, उकळायला ठेवलं. अंडी कडेला चिकटतात, म्हणून पिंप खरवडून घासलं आणि तोंडाला घट्ट फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी परतताना राहुरीजवळ कावेरीचा फोन आला. "मावशी, रिपोर्ट आला. डेंगू न्हाई. तापबी उतरला."

मी एसटीतच रडले.

"पर आता पिंप किती दिवसांनी घासू?"

आकडा अगदी ओठांवर आला होता. ऊन दरवर्षी वाढतंय आणि मी अजून जुन्याच वहीतून शिकवतेय.

"रोज उघडून बघ गं बाई," मी म्हटलं. "माझं ऐकून बसू नकोस."