अब्बांनी समैस्मात शिकवलेला बेचा पाढा

मी मुरूडजवळच्या सिद्दी वस्तीतली. आमचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आले. रंग आणि कुरळे केस त्यांचे, बोलणं मात्र अस्सल कोकणातलं. एक्स-रे टेक्निशियन म्हणून दोहाला आले तेव्हा मला कुणी भारतीय मानेचना. एकदा लिफ्टमध्ये दोन मराठी मुली माझ्या केसांबद्दल खुसखुसत होत्या. उतरता उतरता मी म्हटलं, "नुसतं खोबरेल लावते हो, दुसरं काही नाही." त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले!

आमच्या क्लिनिकमधल्या हेड नर्स टांझानियाच्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्याशी स्वाहिलीत बोलायला लागल्या. मी भारतातली म्हटल्यावर आधी हसल्या. सिद्दी म्हणजे कोण ते सांगितलं, तशी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मग तू आमच्या मेळाव्याला यायलाच हवंस!"

दर हिवाळ्यात इथली कृष्णवर्णीय कुटुंबं समैस्माला समुद्राकाठच्या एका व्हिलात जमतात. टांझानिया, नायजेरिया, सुदान, अमेरिका, कुठकुठली. प्रत्येक घरानं उभं राहून आपल्या तीन पिढ्यांनी काय काय केलं ते सांगायचं.

"आमच्याकडे काय आहे सांगण्यासारखं?" मी म्हटलं.

"वडील काय करायचे?"

"प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या वस्तीतले पहिले."

"आणि वर विचारतेस, काय आहे म्हणून!"

मुरूडला फोन केला. अब्बा म्हणाले, "मी व्हिडिओवर येतो. पण मला फाडफाड इंग्रजी जमणार नाही. तू सांग त्यांना."

शुक्रवारी दुपारी मी, नवरा आणि आमची अकरा वर्षांची लेक दोहातल्या बिन महमूद भागातल्या घरून निघालो. लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. व्हिलाच्या दारातच ढोलाचा आवाज छातीत घुमला. आत मोठमोठे रंगीत झगे, डोक्यावर उंच बांधलेले रुमाल, भाताच्या परातींतून उठणारी वाफ. इतकी माणसं माझ्यासारखी दिसणारी, आणि कुणी वळून बघत नव्हतं! मी लेकीचा हात एवढा घट्ट धरला की ती ओरडली.

एका सुदानी आजोबांनी आपण बांधलेल्या पुलांचे फोटो दाखवले. त्यांची नात डॉक्टर होती. तिचं नाव पुकारताच माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मग हेड नर्स माझ्याकडे वळल्या. "यल्ला, चला, आता तुम्ही!"

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर अब्बा दिसले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी माइक घेतला, "हे माझे वडील," म्हणाले, एवढ्यात लेकीनं माइक माझ्या हातून काढून घेतला.

"नाना, तुम्ही बोला. मी सांगते त्यांना."

मराठीत! नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

अब्बा म्हणाले, "मी शाळेत मागच्या बाकावर बसायचो. पोरं माझ्या केसांना हात लावून पळायची. तेव्हाच ठरवलं, एक दिवस फळ्यासमोर मीच उभा राहणार. आणि राहिलो. माझ्या वर्गात सगळ्या आळ्यांतली मुलं एका रांगेत बसली. आता माझी लेक तिकडे हाडांचे फोटो काढते, आणि नात तुमच्याशी माझ्यापेक्षा चांगलं बोलते."

लेक एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. शेवटचं सांगताना लाजली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. टाळ्या थांबेनात तसे अब्बा एकदम मास्तर झाले. "गडबड नको! सगळ्यांनी माझ्यामागे म्हणा. बे एके बे!"

लेकीनं हात उंचावून सगळ्यांना खूण केली. शंभरेक माणसं ओरडली, "बे एके बे!"

"बे दुणे चार!"

ढोलवाल्यानं ठेका पकडला. बे त्रिक सहाला मुलं नाचायला लागली, बे चोक आठला मी. बे दाहे वीसपर्यंत पोचेस्तोवर सगळा व्हिला हलत होता.

"हुशार वर्ग आहे," अब्बा घाम पुसत म्हणाले.

फोन बंद करायला मी पुढे झाले, तर हेड नर्सच्या म्हाताऱ्या आई टीव्हीसमोर येऊन बसल्या होत्या. त्यांनी स्वाहिलीत काहीतरी विचारलं. अब्बांनी मराठीत सविस्तर उत्तर दिलं. त्या मान डोलावून पुढचं बोलू लागल्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी गप्पा चांगल्याच रंगल्या. लेक भाषांतर करायला सरसावली, तर आजींनी तिला हातानंच बाजूला बसवलं.